चारकोपची फक्की आणि एक दार

मुलुंड पश्चिमेला, एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर, श्री. विद्याधर टिपणीस या वास्तुविशारद गृहस्थांची कचेरी होती, आणि ती वाढत होती. प्रारंभी तिच्यात दोन ड्रॉइंग बोर्ड, एक स्टूल आणि स्वतः टिपणीससाहेब एवढाच ऐवज होता. पुढे बोर्ड वाढले, बोर्ड वाढल्यामुळे माणसे वाढली, माणसे वाढल्यामुळे चहा वाढला. आणि ज्या वर्षी नकाशांच्या प्रती काढण्याचे अमोनियाचे यंत्र आले, त्या वर्षापासून तर खाली दळण घेऊन आलेल्या बायका डोळ्यांना पदर लावून उभ्या राहू लागल्या. वर कोणी गेले आहे काय, अशी हळू आवाजात चौकशी नवखे लोक करीत.

इतर कचेऱ्यांत नकाशे काढले जात. टिपणीससाहेबांकडे आधी तत्त्व काढले जाई, नकाशा मागाहून येई. त्यांचे तत्त्व असे होते की भिंत म्हणजे अविश्वास. सबब घरात खोल्या नसाव्यात, एक विशाल मुक्त अवकाश असावा, आणि त्यात कुटुंबाने वाऱ्यासारखे वाहावे. दारांवर तर त्यांचा विशेष राग. दार उघडताना अडीच फूट जागा खाते आणि मिटल्यावर माणुसकी खाते, असे ते म्हणत. संडास-मोरीला दार ठेवण्याची सवलत ते देत असत, परंतु ती महापालिकेच्या नियमामुळे, तत्त्वामुळे नव्हे.

या तत्त्वाचा पहिला मोठा प्रयोग बोरिवलीच्या गावठाणात झाला. तेथील मार्कस आणि मेबल या दांपत्याला साहेबांनी आतून एकही दार नसलेला टुमदार बंगला बांधून दिला. त्याची छायाचित्रे एका मासिकात आली आणि कचेरीकडे कामांची रीघ लागली. एकदा साहेब सहज त्या बंगल्यात डोकावले, तर आत जिकडेतिकडे तारा बांधून त्यांवर चादरी टांगलेल्या.

"हे काय, मेबलबाई?"

"वाळत घातल्यात, साहेब."

"घरात?"

"भाएर पाऊस येल म्हनून."

तेव्हा एप्रिल महिना चालू होता. साहेबांनी वर आकाशाकडे पाहिले, मेबलकडे पाहिले, आणि कोकणी हवामानाविषयी आपले ज्ञान अपुरे असेल असे मानून ते परत आले. तत्त्वनिष्ठ माणूस असाच असतो. त्याला चादर दिसते. चादरीमागची बाई दिसत नाही.

या कचेरीत नंदू घाडीगावकर नावाचा आरेखक होता. त्याची रेघ सुरेख होती, पण त्याहून सुरेख त्याची वाणी होती. गिऱ्हाईक समोर बसले की साहेब म्हणत, "नंदकुमार, यांना जरा मुक्त अवकाश समजावून सांग," आणि नंदू असे काही सांगत असे की ऐकणाऱ्याला आपण आजवर भिंतींच्या तुरुंगात खितपत पडलो होतो याची मनापासून लाज वाटावी. वास्तविक या विषयात नंदूचा अधिकार साहेबांहून मोठा होता. घाटकोपरच्या भटवाडीत आई, वडील आणि तो एकाच खोलीत राहत. मुक्त अवकाशाचा त्याला जन्मापासूनचा अनुभव होता.

नंदूचे वडील धोंडू घाडीगावकर हे कापडगिरणीत माग चालवणारे जुने साचेवाले. संपात गिरणी गेली, तेव्हापासून ते अंधेरीच्या एका इमारतीत लिफ्ट चालवीत. गाववाल्यांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था त्यांनी काढली, चारकोपला सरकारी योजनेत सर्वांना एकेका घराएवढे भूखंड मिळाले, आणि चेअरमन या नात्याने त्यांनी भर सभेत ठणकावून सांगितले, "आपलो झील थंय आसा. काम टिपणीसाकच देवचा." काम टिपणीसांना मिळाले. साहेबांना बंगला नव्हे, अख्खी वस्ती तत्त्वावर बांधायला मिळणार, या कल्पनेने ते आठवडाभर जेवणात मीठ मागायला विसरत होते.

येथवर सगळे झकास चालले होते. घोटाळा झाला तो भांडुपला, एका उडप्याच्या हॉटेलात.

भांडुपच्या रत्नप्रभेशी नंदूचे लग्न ठरण्याच्या बेतात होते. ती अंधेरीला रेडिओचे सुटे भाग जोडण्याच्या कारखान्यात कामाला होती, आणि तिची बोलण्याची रीतही तशीच होती. नको ती तार ती आधी कापून टाकी. घरच्यांच्या संमतीने दोघे डोसा खायला बसले होते.

"चारकोपचं घर केवढं आहे रे?" तिने विचारले.

"केवढं म्हणजे... मुक्त अवकाश आहे."

"खोल्या किती?"

"एक."

"आणि माणसं?"

"बाबा, आई, मी. आणि तू."

"दार कुठे?"

"मुख्य दार पूर्वेला ठेवलंय. सकाळचं ऊन सरळ..."

"ते सगळ्यांचं दार. आपलं कुठे?"

नंदूने खाकरून घेतले आणि आपली नेहमीची वाणी सुरू केली. "हे बघ रत्ना, भिंत म्हणजे अविश्वास..."

"कोण म्हणतं?"

"टिपणीससर."

"त्यांना म्हणावं, आठ दिवस माझ्या ताईकडे राहायला या. तिच्या सासरी साडीचा पडदा लावलाय. सासरा खोकला की पडदा हलतो. पडदा हलला की ताई उठून बसते. लग्नाला किती वर्षं झाली, अजून ती बसल्या बसल्याच झोपते." तिने चटणी पुढे सरकवली. "दार नसेल तर मी नाही. माझा राग नाही हां तुझ्यावर. खा, गार होतोय."

नंदूच्या घशात तो डोसा अडकला तो पुढे पंधरा दिवस अडकून राहिला. त्याला रत्नप्रभा मनापासून आवडली होती. आणि त्याहून वाईट म्हणजे तिचे म्हणणे त्याला पटले होते. ज्या वाणीने त्याने अर्ध्या उपनगराला भिंतींतून सोडवले होते, तीच वाणी तिच्यापुढे दोन वाक्यांत मान टाकून पडली होती.

त्याने धीर करून साहेबांना विचारले.

"सर, चारकोपच्या घरांत मागच्या बाजूला एखादी लहानशी खोली काढली तर? एक दार..."

साहेबांनी चष्मा काढला. "नंदकुमार, आज तू दार मागतोस. उद्या कडी मागशील."

"हो सर, कडी तर लागेलच."

"आणि परवा?"

परवा काय, हे नंदूला नेमके ठाऊक होते. पण ते कचेरीत सांगण्यासारखे नव्हते. तो लाल होऊन आपल्या बोर्डावर जाऊन बसला. वाट लागली होती.

आता या कचेरीची एक रूढी सांगणे अवश्य आहे. कारण पुढचे सारे रामायण तिच्यावर उभे आहे. नकाशा पक्का करण्यापूर्वी साहेब तो जागेवर, खऱ्या मापाने, चुन्याच्या फक्कीने जमिनीवर आखून घेत. कबड्डीचे मैदान आखतात तसा. मग त्या रेघांच्या घरात घरमालकाने सहकुटुंब एक दिवस राहायचे. स्टोव्ह मांडायचा, जेवायचे, पाहुणे आले तर बसवायचे. नियम चारच होते. फक्कीची रेघ ही भिंत समजायची. तिच्यावरून पाय टाकायचा नाही, जायचे ते जेथे रेघ सोडलेली असेल तेथून. आणि दिवसभरात ज्या जागेचा वापर होईल ती कागदावर येईल. जिचा होणार नाही ती गळेल. एकदा पडलेली फक्की सूर्यास्तापर्यंत पुसायची नाही, मग ती चुकून पडलेली का असेना. कचेरीच्या माणसांनी मात्र घरात शिरायचे नाही, बाहेरून पाहायचे.

या शेवटच्या नियमाकडे नंदूचे दुर्लक्ष झाले, आणि बाकीच्यांचाच त्याने आधार घेतला.

माघातला तो रविवार. खाडीकडून खारट वारा सुटला होता. भल्या सकाळी फक्कीची पिशवी घेऊन नंदूने एकेक घर आखले, आणि धोंडू घाडीगावकरांच्या घरापाशी आल्यावर, इकडे तिकडे पाहून, मागच्या कोपऱ्यात एक आडवी रेघ ओढली आणि तिच्यात दाराएवढी फट ठेवली. त्याच्या आयुष्यातली ती पहिली वाकडी रेघ होती.

उन्हे वर आली तसे गाववाले चटया, कळश्या, स्टोव्ह, पोरे यांसह दाखल झाले आणि आपापल्या रेघांत शिरले. साहेब डोक्यावर हॅट आणि गळ्यात शिटी घालून हिंडत होते. कोणी भिंतीतून गेले की शिटी वाजे.

"खंडूशेठ! भिंतीतून गेलात तुम्ही."

शेजारच्या भूखंडाचा मालक खंडू तावडे मागे वळून पाहत म्हणाला, "बुटकी हा ना साहेब भिंत, ध्यानातच नाय आली."

तेवढ्यात एक कुत्रे साऱ्या वस्तीच्या भिंती ओलांडीत, प्रत्येक घरात थोडे थोडे हुंगून, रमतगमत पलीकडे गेले. साहेब त्याच्याकडे कौतुकाने पाहत राहिले. "आदर्श रहिवासी!" ते पुटपुटले.

मग ते घाडीगावकरांच्या घरापाशी आले आणि थांबले.

"नंदकुमार."

"सर."

"ही रेघ नकाशात नाही."

"नाही सर."

"कोणाच्या हातून पडली?"

खोटे बोलण्याचा विचार नंदूच्या मनात येऊन गेला. परंतु पिशवी त्याच्याच हातात होती आणि पँट गुडघ्यापर्यंत पांढरी झाली होती. "माझ्या," तो म्हणाला. "पुसू का?"

साहेबांचा जबडा एकदा डावीकडे गेला, एकदा उजवीकडे. "फक्की पुसायची नसते. नियम माझा आहे." मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरले. "असू दे. सूर्यास्तापर्यंत बघू तुझी खोली कोण वापरतं ते. नाही वापरली तर गेली. आणि तू बाहेर उभं राहायचंस, कळलं ना?"

नंदूला ते तेव्हा कळले. खोली वापरण्याजोगी माणसे जगात तीन. तो स्वतः कचेरीचा माणूस, त्याला मज्जाव. रत्नप्रभा अजून घरची नाही. उरले वडील, आणि वडील त्या रेघेकडे पाहून आधीच तापले होते.

"झिला, ह्या काय केलंस? दार लावून बसाक घर म्हंजे काय पोलीस ठाणा आसा?"

"बाबा, तुम्ही नुसतं आत जाऊन पाच मिनिटं बसा ना."

"मी? कोंडून घेव? चेअरमन आसंय मी!" असे म्हणून धोंडूराव मुक्त अवकाशाच्या ऐन मध्यावर, चटईवर, मांडी ठोकून बसले. चेअरमनकडे माणसे येत होती, बसत होती, विड्या ओढत होती. नंदूची आई जानकी स्वयंपाकाच्या कोपऱ्यात बांगड्याचे तिखले रटरटवीत होती. वारा स्टोव्ह विझवी, ती पुन्हा पेटवी. कोणी पाणी मागे, ती देई. कोणी तिच्या चटईवरच्या मसाल्याला पाय लावून जाई आणि "अवकाश मुक्त आहे वहिनी" अशी थट्टा करी. दुपारची जेवणे झाली. मागची खोली रिकामीच होती. तिच्यात वाऱ्याने एक भेळेचा कागद आणून टाकला, एवढाच काय तो वापर.

उन्हे कलती होताना रत्नप्रभा बसमधून उतरून आली. नंदूने तिला मुद्दाम बोलावले होते. रस्त्याच्या कडेला उभे राहून तिने ती पांढरी रांगोळी न्याहाळली.

"ती बघ," नंदू म्हणाला, "ती फट दिसते ना? ते दार."

"वापरतंय कोण?"

नंदू पँटवरची फक्की झटकू लागला.

"कोणी नाही?"

"बाबा बसत नाहीत. मला जाता येत नाही. सूर्य मावळला की रेघ गेली."

रत्नप्रभेने पदर सावरला. ती रागावली असती तर नंदूला बरे वाटले असते. ती हळूच म्हणाली, "तू केलंस रे तुझ्याकडून. मी सहाच्या बसने जाते." आणि त्या "जाते"चा अर्थ भांडुपपर्यंत एवढाच नव्हता, हे त्याला उभ्या उभ्या समजले.

इतक्यात चेअरमनसाहेबांच्या बैठकीत नवे दोघे येऊन टेकले. धोंडूरावांनी मान न वळवता हाक दिली, "अगो, चाय टाक."

जानकीने भांडी घासून पालथी घातली होती. तिने हात पुसले. कोपऱ्यातली एक चटई उचलून काखेत मारली. चालत ती मागच्या रेघेपाशी गेली, फटीतून आत शिरली, वळली, हवेतले एक दार ओढून घेतले, वर हात नेऊन हवेतली कडी लावली, आणि ती नीट बसली की नाही हे एकदा हलवून पाहिले. मग तिने भेळेचा कागद उचलून रेघेबाहेर टाकला, चटई अंथरली, आणि साऱ्या जगाकडे पाठ करून ती आडवी झाली.

बैठकीतल्या विड्या हातातच राहिल्या.

"अगो, चाय!" धोंडूराव ओरडले.

"दार लावलेला आसा," आतून शांत आवाज आला.

"खुळावलंस काय?" असे म्हणत ते उठले आणि सरळ रेघेकडे निघाले. त्यांचा पाय उचलला गेला मात्र, शिटी एवढ्या कर्कशपणे वाजली की पलीकडच्या भूखंडावरची पोरे रडू लागली.

"धोंडूराव! भिंत!"

"खंय आसा भिंत?"

"तुमच्या पायाखाली!" साहेब बाहेरून धावत येऊन त्या रेघेच्या टोकाशी उभे राहिले. त्यांची हॅट मागे पडली. "साडेचार इंची विटेची भिंत आहे ही. तुम्ही तिच्यातून जाऊ शकत नाही."

"अवो, बायको दिसता माका!"

"दिसत नाही. वीट आहे मध्ये."

"आवाज तरी येता का नाय?"

"प्लास्टर आहे!"

ज्यांनी आयुष्यभर भिंतीला अविश्वास म्हटले, ते गृहस्थ एका अस्तित्वात नसलेल्या भिंतीपुढे हात पसरून, पहाऱ्यावरच्या शिपायासारखे उभे होते. त्यांना स्वतःला त्याची जाणीव नव्हती. तत्त्व मोडले तरी चालेल, नियम मोडता कामा नये, अशी काही माणसांची घडण असते.

"मगे करू काय मी?" धोंडूराव रडकुंडीला आले.

"दारावर टकटक करा. सभ्य माणसं करतात तशी."

उभ्या जन्मात धोंडूरावांनी बायकोच्या दारावर थाप मारली नव्हती. तिला दारच नव्हते. त्यांनी चारी बाजूंना पाहिले. सगळी सोसायटी पाहत होती. त्यांनी मूठ वळली आणि हवेत दोनदा ठोकले. खंडू तावडेने जिभेने "टक टक" असा आवाज काढला, म्हणून त्याला सगळ्यांनी गप्प केले.

"कोण?" जानकी.

"मी."

"मी कोण?"

"धोंडू घाडीगावकर. चेअरमन."

"काय काम आसा?"

"चाय."

"स्टो भायरच आसा," जानकी म्हणाली, आणि कुशीवर वळली.

यावर जो हशा उसळला तो खाडीपर्यंत गेला असावा. धोंडूराव स्टोव्हपाशी जाऊन उकिडवे बसले आणि पंप मारू लागले.

रत्नप्रभा एव्हाना रस्ता सोडून पुढे आली होती. तिने चपला काढल्या, मुख्य दारातून आत पाऊल टाकले, धोंडूरावांना खाली वाकून नमस्कार केला, आणि मागच्या दारापाशी जाऊन हवेत हलकेच टकटक केली.

"आता कोण गो?"

"मी रत्नप्रभा. भांडुपची."

जानकी उठून बसली. केस सारखे केले, कडी काढली, दार उघडले. "ये गो बाय. लाव ता दार."

रत्नप्रभेने दार लावले. दोघी चटईवर बसल्या. सगळी वस्ती तीन-चार फुटांवर उभी होती, पण साहेबांनी बोट उगारले, "कोणी ऐकायचं नाही!" आणि सर्वांनी माना वळवल्या. साहेबांनीही मान वळवली. कान मात्र जागचे हलले नाहीत. नंदू तर एवढा लक्षपूर्वक ऐकत नव्हता की त्याला शब्द न् शब्द ऐकू आला.

"दाराचो हट्ट तुझो काय?"

"होय."

"माका वाटलेला, चेडू आगाव आसा."

"आहेच मी थोडी."

"बरां आसा." जानकीने चटईची एक काडी उपसली. "माझा लगीन झाला तेव्हा खोलीत सासू, सासरो, दोन दीर. लुगडा बदलूक मोरीत. रडूक पण मोरीत. नळ सोडून रडायचा, नायतर आवाज भायर जाता. आणि नळाक पाणी सकाळचाच. म्हणान सगळा रडणा सकाळीच उरकायचा."

रत्नप्रभा हसली, आणि मग तिला हसू आवरून घ्यावे लागले.

"मग आता रडायचंय का तुम्हाला, आई?"

"नाय गो. आता काय रडाचा. आता पडाचा आसा. नुसता. कोण हाक मारूक नको." जानकीने हात पुढे केला. "तर मी काय म्हणतंय, रात तुमची. दुपार माझी. दुपारच्या वेळेक तुम्ही दोघांनी पण भायर. कबूल?"

"कबूल."

"आणि कडी आतसून."

"आतूनच. बाहेरून कशाला? आपण काय कोंबड्या आहोत?"

स्टोव्हपाशी चहा उतू गेला. "मगे मी खंय जाव?" धोंडूरावांनी कळवळून विचारले.

"भायर!" दोघी एकदम म्हणाल्या, आणि साहेबांनी शिटी फुंकली, कारण प्लास्टर असलेल्या भिंतीतून उत्तर देणे हे नियमबाह्य होते.

सूर्य खाडीकडे झुकला तशी पहिली मागणी आली. खंडू तावडेची बायको रेघेवर उभी राहून म्हणाली, "ओ साहेब, आमका पण घाला एक रेघ." तिच्या पाठोपाठ तिच्या शेजारणीची सून बोलली, तिच्या मागून त्या सुनेची सासूही बोलली, आणि एक म्हातारबुवा तर आपल्याला स्वतंत्र खोली मिळेल काय, असे साहेबांना कानात विचारून गेले. नंदूने पिशवी उलटी करून दाखवली. फक्की संपली होती. साहेबांनी काही क्षण सगळ्यांकडे पाहिले. मग त्यांनी बूट काढला आणि पहिल्या घराच्या मागच्या कोपऱ्यात टाचेने मातीत एक रेघ ओढली. मग दुसऱ्या घरात. अख्ख्या वस्तीत ते एका पायाने लंगडत हिंडत होते, आणि त्यांच्या मागे बायका "जरा हिकडे, जरा तिकडे" करीत होत्या.

निघताना ते नंदूपाशी थांबले. एका मोज्याचा रंग ओळखू येत नव्हता.

"नंदकुमार, पुन्हा फक्कीची पिशवी तुझ्या हातात द्यायची नाही."

"हो सर."

"आणि उद्या सकाळी सगळे नकाशे सुधारायला घे. दार काढ. कडीसुद्धा दाखव." एवढे बोलून ते चालू लागले; मग मागे वळून खालच्या आवाजात म्हणाले, "ती दुपारची वाटणी... कल्पना वाईट नाही."

सत्य सांगणे लेखकाचे कर्तव्य आहे, म्हणून नमूद करतो की पुढच्या वर्षी कचेरीच्या माहितीपत्रकात 'अंतर्मुख अवकाश : टिपणीस यांची नवी दृष्टी' असे एक पान आले, आणि त्यात जानकी घाडीगावकर हे नाव कोठेही नव्हते. साहेबांच्या स्वतःच्या घरी काय घडले ते कोणाला ठाऊक नाही. त्यांच्याकडे दोन दिवस सुतार येत होता, इतकेच गिरणीतल्या बायका सांगत.

पण ते नंतरचे. त्या संध्याकाळी नंदू रत्नप्रभेला बसपर्यंत सोडायला गेला. सहाची बस केव्हाच गेली होती.

"मी सगळं ऐकलं," तो म्हणाला.

"भिंत होती ना मध्ये?"

"होती."

"मग काही ऐकलं नाहीस तू."

"नाही ऐकलं."

विचारायचे होते ते नंदूला विचारता येईना. त्याची ती प्रसिद्ध वाणी त्याला ऐन वेळी सोडून गेली होती. शेवटी त्याने जे विचारले ते एखादा आरेखकच विचारू जाणे.

"दार आत उघडू की बाहेर?"

रत्नप्रभेने गंभीरपणे विचार केला. हातांनी हवेत लांबी-रुंदी धरून पाहिली, एक पाऊल मागे सरली, पुन्हा पुढे आली.

"बाहेर," ती म्हणाली. "आत उघडलं तर गादी अडेल आपली."

नंदू तिच्याकडे पाहतच राहिला. बस येऊन उभी राहिली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली.

"बघतोस काय? चढू दे मला," ती म्हणाली, आणि दांडा धरून वर चढली. खिडकीशी बसल्यावर तिने वाकून बजावले, "आणि खिडकी मागच्या गल्लीवर काढ. तुझे बाबा पुढे बसणारेत."